आबांची ट्रंक: कामाच्या नोंदी

१ जून २०२५

आबा, म्हणजे आमचे आजोबा, फौजेतले निवृत्त सुभेदार. ते गेले त्याला सहा महिने होतील. वर्षश्राद्ध मार्गशीर्षात, म्हणजे हातात सहाच महिने आणि त्यातले चार पावसाचे. कामं तीन: मेडलांची काचेची पेटी, कागद-पत्रं-फोटोंची निगा, आणि दारात लावायची दगडी पाटी. करणार काका, ताई आणि मी.

ट्रंक काळ्या पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. माळ्यावर होती म्हणून २०१९ च्या पुरातून वाचली. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या या घरात तेव्हा खालच्या फडताळापर्यंत पाणी होतं. फोटोंचा अल्बम त्या फडताळात होता, त्याचं पुढे बघू.

आज फक्त यादी. पुसायचं नाही, झटकायचं नाही, घडी उलगडायची नाही. धुतलेल्या मांजरपाटाच्या चादरीवर एकेक वस्तू ठेवली, शेजारी मोजपट्टी, पुढून-मागून फोटो. खाली वर्तमानपत्र अंथरायचा मोह होतो, पण त्याची शाई उठते. क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधायची. टाचणी, स्टेपल, रबर बँड नको: पहिल्या दोघांचा गंज कागदात उतरतो, तिसऱ्याचं दोन उन्हाळ्यांत डिंकासारखं चिकट होतं.

एकूण ६३ नग. मेडलं ६, रिबन बार १, टोपीचा बिगुलाचा बॅज १, हॅकल (टोपीतला पिसांचा तुरा) १, लोकरी जर्सी १, डिस्चार्ज बुक (निवृत्तीला मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) १, पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) प्रत १, पत्रं ३४, सुटे फोटो १४, कॅसेट १, शिट्टी १, इनॅमलचा मग १.

८ जून

डिस्चार्ज बुकातल्या नोंदी आणि मेडलांच्या कडेवर कोरलेलं, दोन्ही ताडून पाहिलं. दहापट भिंग पुरतं. टॉर्च समोरून मारली तर काही दिसत नाही. कडेला आडवी धरली की उजेड घासून जातो आणि आकडे उठून येतात.

रक्षा मेडलवर एक नंबर, वीस वर्षांच्या दीर्घ सेवा मेडलवर वेगळाच. काका म्हणाले, दुसऱ्या कुणाचं आलंय. तसं नाही. शिपाई म्हणून भरती होताना मिळालेला नंबर हवालदार असेपर्यंत तोच राहतो. नायब सुभेदार झाला की माणूस जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) होतो आणि त्याला 'जेसी' अक्षरांनी सुरू होणारा नवा नंबर मिळतो. डिस्चार्ज बुकात दोन्ही नंबर आहेत आणि बढतीची तारीखही. दुसऱ्याचं समजून लोक असं मेडल कुणाला देऊन टाकतात, म्हणून हे सविस्तर लिहिलं. हुद्द्यांचंही तसंच: १९६५ पूर्वीच्या कागदावर 'जमादार' दिसला तर तो आजचा नायब सुभेदार, शिपायाच्या खालचा कुणी नव्हे.

क्रम असा लागला, बघणाऱ्याच्या डावीकडून: पूर्वी स्टार (पूर्व आघाडीचा), रक्षा, संग्राम, सैन्य सेवा ('हिमालय' पट्टीसह), २५ वं स्वातंत्र्य वर्धापन, २० वर्षं दीर्घ सेवा, ९ वर्षं दीर्घ सेवा. मिळाली त्या तारखांप्रमाणे लावली की क्रम चुकतो. ९ वर्षांचं आधी मिळालं तरी ते सगळ्यात शेवटी.

रिबन बारवर पट्ट्या सात आणि मेडलं सहा. नाही ते २५ व्या वर्धापनाचं. १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असलेल्यांना ते मिळालं आणि आबा १९६३ पासून १९९१ पर्यंत नोकरीत होते. डिस्चार्ज बुकातही नोंद आहे, म्हणजे मेडल मिळालं होतं, नंतर हरवलं.

फौजी सामानाच्या दुकानात कोरं मेडल विकत मिळतं. ताईने विचारलं, घेऊन टाकूया का? नको. त्याच्या कडेवर नाव नसेल, आणि आणखी तीस वर्षांनी पेटी उघडणाऱ्याला ते आबांचंच वाटेल. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला आजीच्या सहीने अर्ज पाठवला. सोबत डिस्चार्ज बुकातल्या त्या नोंदीच्या पानाची प्रत, मृत्यूचा दाखला, फॅमिली पेन्शनचा पीपीओ. उत्तर येईपर्यंत जागा रिकामी, तिथे नुसती रिबन.

१५ जून

साफसफाई. खरं तर काय करायचं नाही याचीच यादी लांब आहे.

चिंच, लिंबू, राख, पितळेची पावडर, ब्रासो यातलं काहीही नको. गोल मेडलं तांबं-निकेलच्या मिश्रधातूची, स्टार ब्राँझचा. घासून चकाकी येते, पण ती धातूचा थर काढून येते, आणि कडेवरची अक्षरं कमी खोल असल्याने आधी तीच जातात. ब्राँझवरचा तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे, तो तसाच राहू द्यायचा.

काढायचा तो फक्त हिरवट चिकट थर. तो चार मेडलांच्या कडीपाशी होता. ही चारही मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात होती, उरलेली दोन कापडात गुंडाळलेली, त्यांना काही नाही. पीव्हीसीच्या पाकिटातून तेलकट द्रव सुटतो आणि तांब्याशी मिळून हे हिरवं तयार होतं. पाकिटं फेकली.

पद्धत: रिबन आधी सोडवायची. नायट्राइलचे हातमोजे घालायचे, सुती मोज्यातून मेडल निसटतं. बांबूच्या दातकोरणीने हिरवं खरवडायचं, सुई वापरायची नाही. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, मऊ ब्रश. थंड हवेच्या ड्रायरने वाळवायचं. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पुसट हात आणि वीस मिनिटांनी मऊ कापड. मेण जास्त झालं तर अक्षरांच्या खाचेत पांढरं दिसतं. संग्राम मेडलवर तसं झालं, अल्कोहोलने काढून परत लावलं.

एका मेडलला सरासरी पाऊण तास. सहाही आज संपली.

२९ जून

पाऊस लागला. आर्द्रता मोजायला दोन डिजिटल मीटर आणले, एकाच खोलीत एक ७१ दाखवतोय, दुसरा ७९. कुठला खरा?

मिठाची कसोटी घेतली. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात लापशी होईल इतकंच पाणी (मीठ पूर्ण विरघळता कामा नये), झाकण आणि मीटर एका घट्ट डब्यात आठ तास. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. पहिल्याने ७२ दाखवले, दुसऱ्याने ८०. दोघांच्या पाठीवर पट्टी चिकटवली: '+३' आणि '−५'. म्हणजे खोलीत खरे ७४. कागदाला पन्नासच्या आसपास बरं. सगळे कागद आतल्या खोलीतल्या स्टीलच्या कपाटात, भिंतीपासून चार बोटं पुढे.

६ जुलै

पत्रं. ३४ पैकी २७ आबांनी आजीला पाठवलेली, ७ घरून त्यांना गेलेली, जी त्यांनी ट्रंकेत जपून परत आणली. पत्ता सगळीकडे ९९ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) नाहीतर ५६ एपीओ. गावाचं नाव कुठेच नाही, ते नसायचंच. ९९ म्हणजे पूर्वेकडची टपाल व्यवस्था, ५६ म्हणजे पश्चिमेकडची. त्यामुळे तारीख पुसलेलं पत्रसुद्धा कुठल्या काळातलं ते साधारण लागतं. घरून गेलेल्या एका पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ५ पैशांचं जादा तिकीट आहे. बांगलादेशी निर्वासितांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर हा अधिभार होता. त्या पाकिटावरचा तारखेचा शिक्का अर्धाच उठलाय, पण या तिकिटामुळे पत्र नोव्हेंबरच्या मध्याच्या आधीचं नाही एवढं नक्की.

घड्या कडक झाल्यात, जोर लावला तर घडीवरच फाटतात. यावर उपाय ओल देण्याचा: मोठ्या डब्यात तळाला ओला स्पंज, वर जाळी, जाळीवर पत्र, झाकण लावून चार तास. कागद मऊ होतो, मग टिपकागदांमध्ये ठेवून वर वजन.

पण आधी शाई तपासायची. इथे थोडक्यात बचावलो. पेन्सिलीने लिहिलेल्या दिसणाऱ्या पत्रांपैकी ११ कॉपिंग पेन्सिलीची निघाली. कोरडी असताना ती साध्या शिसपेन्सिलीसारखी राखाडी दिसते, पाण्याचा अंश लागला की जांभळी होऊन पसरते. ओळखायची खूण म्हणजे अक्षरांत कुठेतरी आधीच जांभळा ठिपका असतो, घामाचा नाहीतर थुंकीचा. ही ११ पत्रं डब्यात घालायची नाहीत. जेवढी उलगडतात तेवढीच उलगडून स्कॅन केली.

डिस्चार्ज सर्टिफिकेटचा सुटा कागद मात्र हातचा गेला. पूर्वी कधीतरी 'टिकावं' म्हणून लॅमिनेट करून आणलेला. उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक घरी निघत नाही, आणि कडेला एक कोपरा उसवलाय, त्यातून ओल आत जाऊन तपकिरी डाग पसरतोय. कडा कापायच्या नाहीत. स्कॅन करून अंधारात ठेवला.

२० जुलै

पुरात भिजलेला अल्बम. पानं चिकट, वर पारदर्शक झाकण, मधे गाळ. पंचगंगेचा गाळ वाळला की मैद्यासारखा बारीक होतो. ओल्या फडक्याने पुसला तर तोच सॅंडपेपरसारखा फोटोवर ओरखडे काढतो. बाहेर अंगणात, एन-९५ मास्क लावून, कोरड्या मऊ ब्रशने एकाच दिशेला झाडला. काळी बुरशी असलेली चार पानं वेगळी केली.

दोन फोटो काचेच्या फ्रेमला आतून चिकटलेत, त्यातला एक पासिंग परेडचा. ओढून काढायचे नाहीत, चेहरा काचेला राहतो. काचेसकट स्कॅन केले. बाकीच्यांसाठी दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा सरकवत नेला. ३१ पैकी २८ सुटले.

स्कॅनची मापं: कागद ३०० डीपीआय, पोस्टकार्डाएवढे फोटो ६००, पासपोर्टएवढे १२००. मूळ प्रत टीआयएफएफमध्ये, पाठवापाठवीला जेपीईजी. फोटोची मागची बाजूही स्कॅन करायची. आबांनी निम्म्या फोटोंच्या पाठीवर नावं लिहिलीत, आणि त्यातली काही माणसं ओळखणारं आता दुसरं कुणी नाही. आपल्याला काही लिहायचं तर २बी पेन्सिल, हलका हात. फाइलला नाव 'आबा-फोटो-०१२-पाठ' असं, तारीख नक्की असेल तरच तारीख.

तीन प्रती. एक घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी ताईकडे टेंबलाईवाडीत, तिसरी क्लाउडवर. दोन्ही डिस्का एकाच पेठेत ठेवून उपयोग नाही, पूर दोन्हीकडे एकाच दिवशी येतो.

३ ऑगस्ट

जर्सीला कसर लागलीय. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून सीलबंद, फ्रीझरमध्ये दोन आठवडे, उणे १८ अंशाला. काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर बाहेरचा दमटपणा थंड लोकरीवर पाणी होऊन बसतो. डांबराच्या गोळ्या नकोत. हॅकलच्या पिसांनाही हीच पद्धत, पण पिसं दबू नयेत म्हणून कडक डब्यात घालून.

आजीला आधी सांगायला हवं होतं. तिने मटार शोधताना जर्सी बाहेर काढून ओट्यावर ठेवली. दोन आठवडे पुन्हा पहिल्यापासून.

१० ऑगस्ट

कॅसेट. सी-६०, बाजूला निळ्या पेनाने 'आबा १९९४', काकांचं अक्षर. तिच्यात काय आहे ते काकांना नीट आठवत नाही.

लावण्याआधी पहिलं काम म्हणजे मागच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या टिकल्या मोडायच्या. त्या शाबूत असल्या की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर आवाज पुसला जातो. त्या ३१ वर्षं शाबूत होत्या.

दुसरं, दाबपट्टी. कॅसेटच्या तोंडाशी फितीमागे फेल्टचा चौकोनी तुकडा असतो, तो फितीला हेडवर दाबून धरतो. त्याखालचा स्पंज पिठूळ होऊन तुकडा आत पडला होता. तशीच वाजवली तर आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो, मधेच बुडतो, आणि लोक समजतात फीतच खराब. हिचं कवच स्क्रूचं निघालं, पाच स्क्रू. (स्क्रू नसलेली, चिकटवलेली असती तर शिवणीवर ब्लेड घालून फोडावी लागली असती.) नवी स्क्रूवाली कोरी कॅसेट घेऊन तिची फीत काढली आणि आबांच्या फितीची दोन्ही चाकं त्या कवचात बसवली. चाकांच्या वर-खाली असणारे पातळ घसरकागद विसरायचे नाहीत, नाहीतर फीत कवचाला घासून चुरचुरते. दोन कोपऱ्यांतले छोटे रूळ उडून जातात, म्हणून काम ताटात करायचं. एक रूळ तरीही फ्रीजखाली गेलाच.

टेपचं हेड अल्कोहोलने पुसलं. मग न वाजवता एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. वर्षानुवर्षं घट्ट बसलेले वेटोळे त्याने मोकळे होतात.

१७ ऑगस्ट

लाइन-आउटमधून संगणकात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ दिला नाही. एका बाजूला अर्धा तास, दोन चॅनलचे सुमारे ५०० एमबी. टेपचं हेड किंचित तिरकं असलं तर 'स' आणि 'श' बोथट येतात. हेडशेजारचा छोटा स्क्रू पाव फेरा फिरवत ते धारदार ऐकू येतील तिथे थांबायचं आणि मगच रेकॉर्डिंग सुरू करायचं. नंतर संगणकावर ते दुरुस्त होत नाही.

बाजू अ वर २६ मिनिटं आबा बोलतात. काका प्रश्न विचारतात, मागे स्वयंपाकघर.

पाटीच्या मजकुराचा प्रश्न यावर सुटला, म्हणून इथे टिपतो. घरात कायम सांगितलं गेलं की १९७१ च्या युद्धात, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला आबांनी ती गोळी बघितली. प्रसंग नोंदला गेलेला आहे: ९ डिसेंबर १९७१ ला ९५ माउंटन ब्रिगेडच्या कमांडरने जमालपूरच्या पाकिस्तानी कमांडरला शरण येण्याची चिठ्ठी पाठवली, आणि उत्तराच्या चिठ्ठीत गुंडाळून ७.६२ मिमीची गोळी आली. १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. १० तारखेच्या रात्री मोठी चकमक झाली, ११ ला सकाळी जमालपूर पडलं.

टेपवर काका विचारतात, "ती गोळी तुम्ही हातात घेतलीसा?" आबा म्हणतात, "मी कुठली बगतोय. मी मॉर्टारवर. आमाला ती गोष्ट दोन दिसांनी कळली." मग तीन मिनिटं नुसतं बेसप्लेटवर, म्हणजे मॉर्टारच्या नळीखालच्या जड प्लेटवर, बोलतात. भाताच्या खाचरात पाच-सहा गोळे टाकले की बेसप्लेट रुतायची, नळी एका अंगाला कलायची, की नेम गेला. मग पोत्यात माती भरून खाली घालायची, चार माणसांनी प्लेट उपसायची, परत पातळी धरायची, परत मोजमाप. "गोळं टाकण्यापरास उपसण्यातच रात गेली," हे त्यांचं वाक्य. मधे कुकरची शिट्टी होते, आबा थांबतात, आणि आत बघून म्हणतात, "अजून दोन हू दे."

आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर काकांनी मोबाइलवर लावून दाखवलं. खरखर जाते, शिट्टीही जाते. मूळ फाइलला हात लावला नाही, साफ केलेली प्रत वेगळ्या नावाने. आजीला मूळ ऐकवली. ती म्हणाली, "चार शिट्ट्या म्हंजे हरभरा."

७ सप्टेंबर

गणपतीत काम बंद होतं. रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर नाही.

१४ सप्टेंबर

पेटीचं माप. मेडलं छातीवर लावताना पाचाच्या पुढे एकावर एक चढवतात, कारण जागा नसते. इथे जागा आहे, तर चढवायची कशाला? घासून ओरखडेच पडतात. स्टार ४० मिमी, गोल मेडलं ३५-३६, म्हणून मध्यापासून मध्यापर्यंत ४२ मिमी. सात जागांना २९२ मिमी लागतात. खाली बॅज, हॅकल, शिट्टी. आतलं माप ६०० × ४५० × ६० मिमी. जर्सी पेटीत नाही. लोकरीतल्या गंधकाने धातू काळवंडतो, दोघांनी वेगळं राहावं.

चौकट सागवानाची. पाठीला सुताराने एमडीएफ सुचवला, स्वस्त आणि सपाट. त्याच्या चिकटद्रव्यातून वर्षानुवर्षं वाफा सुटतात आणि बंद पेटीत त्या मेडलांवरच बसतात. खात्री करायला बरणी लावली: एका बरणीत एमडीएफचा तुकडा, दुसरीत सागवानाचा, तिसरीत एसीपीचा (दुकानांच्या पाट्यांना वापरतात तो, दोन ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमधे प्लॅस्टिक असलेला), चौथी रिकामी. प्रत्येकीत पॉलिशपेपरने घासलेली तांब्याची तार आणि ओल्या कापसाची कुपी. घट्ट झाकून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत २८ दिवस.

१२ ऑक्टोबर

बरण्या उघडल्या. रिकामी आणि एसीपी: तार लालसर, जवळजवळ होती तशी. सागवान: किंचित मंद. एमडीएफ: काळपट, दोन जागी हिरवी. पाठ एसीपीची ठरली. सागवानाच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमची चिकटपट्टी.

अस्तराचं ठरवताना दोन सूचना आल्या. काकांना पलटणीसारखं गर्द हिरवं हवं होतं. हिरव्या कापडावर ओलं पांढरं फडकं ठेवून इस्त्री फिरवली, फडकं पोपटी झालं. बाद. शेजारच्या काकूंनी तिरंगा अस्तर म्हणून सुचवला. भावना कळते, पण ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वज असा आच्छादन म्हणून वापरता येत नाही, आणि ज्यांचं हे सगळं आहे त्यांनी ते पहिल्यांदा उतरवायला लावलं असतं. बिनरंगी मांजरपाट, तीनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढलेला.

२६ ऑक्टोबर

मेडलं बसवली. नवी रिबन ३२ मिमी रुंदीची, बेळगाव कॅम्पातून आणली, प्रत्येकी २० सेंमी. जुन्या फाटक्या रिबनी टाकल्या नाहीत, आम्लरहित कागदात गुंडाळून कपाटात.

सगळ्या रिबनी एकाच लांबीच्या कापल्या ही चूक. स्टारची कडी आणि गोल मेडलांच्या दांड्या वेगवेगळ्या उंचीच्या, त्यामुळे खालची रेघ नागमोडी झाली. नियम उलटा आहे: वरची कड एक ओळ, मेडलांचा तळ एक ओळ, आणि मधली रिबन प्रत्येकाला लागेल तेवढी. वरच्या कडेपासून तळापर्यंत ९ सेंमी धरले, पेन्सिलीने दोन रेघा मारल्या, मग एकेक रिबन दुमडून टाचली. दोन रिबनी वाया.

गोंद कुठेच नाही. रिबन पुण्याहून मागवलेल्या आम्लरहित पुठ्ठ्यावर शिवली, पुठ्ठा अस्तरासकट मागच्या बोर्डाला शिवला. मेडल लोंबकळून आपटू नये म्हणून तळाला दोन स्टेनलेसच्या पिना, त्यांवर पॉलिथिनची नळी. पितळी पिना चालत नाहीत, धातूला धातू भिडतो तिथे हिरवं धरतं. पाचव्या जागी नुसती रिबन.

९ नोव्हेंबर

पाटी. काळा ग्रॅनाइट, ४५० × ३०० × २० मिमी. मजकुरावर दोन संध्याकाळी गेल्या.

'शहीद' नाही. आबा ७९ व्या वर्षी घरी, झोपेत गेले. 'जमालपूरचे वीर' नाही. अशोकस्तंभही नाही: २००५ च्या कायद्याने राजमुद्रा खासगी पाटीवर वापरता येत नाही, पाथरवटाकडे तयार साचा असला तरी. रेजिमेंटचं चिन्हही कोरलं नाही, खरा बॅज आत पेटीत आहे. पूर्वी स्टारवरून पूर्वेकडची लढाई कळते, जमालपूर कळत नाही. जमालपूर आणि मॉर्टार, दोन्ही आबांच्याच तोंडून टेपवर आहेत, आणि पलटणीची त्या काळातली नेमणूक डिस्चार्ज बुकाशी जुळते. तेव्हा नावाखाली एवढंच:

सुभेदार (निवृत्त)
१ मराठा लाइट इन्फंट्री, जंगी पलटण
सेवा १९६३ ते १९९१
मॉर्टार प्लाटून, जमालपूर १९७१

अक्षरांची उंची २० मिमी, खोली २ मिमी. १५ मिमीच्या खाली गेलं की वेलांटीचं पोट भरून येतं आणि 'न्फ' आणि 'ट्र' वाचता येत नाहीत.

२३ नोव्हेंबर

पाटी आली. 'इन्फंट्री'तला अनुस्वार गायब. मंजूर केलेल्या कागदावर होता, पण संगणकावर अक्षराचा साचा बदलताना गळला. ग्रॅनाइटवर टिंब नंतर देता येतं, ३ मिमीच्या ड्रिलने, पाणी सोडत, पाथरवटाने समोरच करून दिलं. पुढच्या वेळी कागदावर नाही, दगडावर चिकटवलेल्या स्टेन्सिलवरून अक्षर-अक्षर बोट ठेवून वाचायचं आणि त्यानंतरच सही. सोनेरी रंग भरला नाही, दोन पावसाळ्यांत उडतो. पांढरं इनॅमल.

३० नोव्हेंबर

पाटी दाराच्या उजव्या खांबावर, चार स्टेनलेस खिळ्यांवर. २०१९ च्या पाण्याची रेघ खांबावर अजून दिसते, पाटीची खालची कड तिच्या वर एक वीत.

पेटी मधल्या खोलीतल्या आतल्या भिंतीवर. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तिथे नाही. मागे चार कोपऱ्यांना बुचाचे २५ मिमीचे तुकडे, हवा खेळायला. समोर ४ मिमी काच, मेडलांपासून ३० मिमी अंतरावर. तळातल्या चोरकप्प्यात नारिंगी सिलिका जेल १०० ग्रॅम आणि '−५' वाला मीटर. निळं जेल घेतलं नाही, त्यात कोबाल्ट असतं.

७ डिसेंबर

पेटीत सात दिवस ४८ ते ५१, दुरुस्ती धरून. खोलीत ६०.

रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानाची साक्षांकित प्रत आणखी हवी आहे. उद्या पाठवतो.

वर्षश्राद्धाला येणाऱ्यांसाठी टेपची मूळ फाइल स्पीकरवर लावायची का, यावर अजून ठरलेलं नाही. आजी म्हणते, लावा, पण जेवणं झाल्यावर.

जेल बदलायचं मिरगाच्या आधी. हिरवं झालेलं ११० अंशाला दोन तास भाजून परत वापरता येतं. कप्प्याची किल्ली मगमध्ये.